सहा मिलिमीटरचा शिपाई: असईच्या लढाईसाठी धातूच्या फिगर पारखताना

असईची लढाई युद्धखेळासाठी टेबलावर मांडायची असेल, तर फिगर, म्हणजे धातूचे छोटे शिपाई, मागवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीकडून लढणाऱ्या आर्थर वेलस्लीची फौज भिडली. मराठ्यांचं नुसतं कवायती पायदळच सुमारे १०,८०० होतं. त्याच्या १७ पलटणी होत्या: पोलमन या शिंद्यांच्या युरोपियन अधिकाऱ्याच्या कंपूच्या (ब्रिगेडच्या) ८, सरधन्याच्या बेगम समरूच्या ५ आणि द्युपाँ या दुसऱ्या युरोपियन अधिकाऱ्याच्या ४. वेलस्ली त्यांच्या डाव्या अंगाला नदी उतरून आल्यावर या फळीने तोंड फिरवलं आणि सुमारे मैलभराची नवी रांग धरली. २८ मिलिमीटरच्या फिगर घेतल्या आणि पलटणीला दोन रांगांत फक्त ३० शिपाई दिले, तरी १७ पलटणींची रांग पाच मीटरवर जाते. एवढं टेबल घरात मावत नाही. म्हणून ६ मिलिमीटर.

जमिनीचं प्रमाण १ : २५०० धरलं, म्हणजे १ मिमीला अडीच मीटर. बेस म्हणजे फिगर चिकटवायची पाटी; ६० × ३० मिमीचा एक बेस मग १५० मीटर रुंदीचा होतो. वेलस्लीकडच्या ७४ व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणीत साधारण ५०० माणसं होती. दोन रांगांत २५० जोड्या, प्रत्येक जोडीला सुमारे ५५ सेंमी जागा, एकूण १३७ मीटर. एका बेसवर एक पलटण अगदी नीट बसते. मैलभराची मराठी रांग टेबलावर ६४० मिमी होते, तिच्यात १० बेस पुढे मावतात आणि उरलेल्या ७ पलटणी असई गावाच्या बाजूला मागे उभ्या राहतात. हा हिशेब पक्का झाल्यावरच फिगरकडून काय हवं ते कळतं: पट्टी, म्हणजे एकत्र ओतलेल्या शिपायांची ओळ, २० मिमी लांब हवी, म्हणजे बेसच्या रुंदीत तीन पट्ट्या बसतील. एका पट्टीवर चार शिपाई आणि दोन रांगा धरल्या, की पलटणीला २४ शिपाई होतात.

तीन वेगवेगळ्या ओतकाम करणाऱ्यांकडून आम्ही प्रत्येकी एक पाकीट पायदळ, एक पाकीट घोडदळ आणि एक पाकीट तोफा असे नमुने मागवले. त्यांना इथे पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हटलं आहे. फोटो पाहून मोठी ऑर्डर देऊ नये, कारण यादीतला फोटो शिपायाला दहापट मोठा करून दाखवतो. सहा सेंटिमीटरचा चेहरा-मोहरा पाहून आपण भुलतो आणि खऱ्या सहा मिलिमीटरवर त्यातलं काय उरेल ते फोटोतून दिसतच नाही.

पाकीट पांढऱ्या थाळीत उघडायचं. आधी पट्ट्या मोजायच्या, मग थाळीच्या तळाशी काय पडलं आहे ते पाहायचं. तुटलेली संगिनीची टोकं, घोड्यांचे कान, चिमटीत न येणारे धातूचे तुकडे. वाटेत किती मोडतं याचा हा सगळ्यात खरा पुरावा. साबणाने धुण्याची घाई करू नये. साच्यावर शिंपडलेलं शंखजिरं खाचांमध्ये अडकून राहतं, त्यामुळे कोरीव काम किती खोल आहे ते न धुतलेल्या पट्टीवर जास्त स्पष्ट दिसतं. सगळं बघून झालं की भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. हे शंखजिरं आणि बोटांचं तेल निघालं नाही, तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) पापुद्र्यासारखा सुटतो.

माप

उंची टोपीपर्यंत मोजायची नाही. शाको (नळकांड्यासारखी उंच लष्करी टोपी), पगडी, गोल हॅट यांच्या उंचीत मिलिमीटरभर फरक पडतो. तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजायचं, तेही पट्टीचा स्वतःचा बेस वगळून. व्हर्नियर कॅलिपर चालतो, पण धातू मऊ असतो, त्यामुळे जबडे दाबले की टाचेला खाच पडते. काचेवर पट्टी आडवी ठेवून भिंगाखाली जबडे नुसते टेकवायचे आणि पट्टीवरच्या चारही शिपायांची मापं घ्यायची.

१.७ मीटरच्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतो. फिगरचं प्रमाण १/३०० असेल तर तो ५.३ मिमी येतो, १/२८५ मध्ये ५.६. डोळ्यापर्यंत बरोबर ६ मिमी भरणारी फिगर १/२६५ च्या आसपास जाते. म्हणजे ‘६ मिमी’ या एकाच नावाखाली तीन वेगळी प्रमाणं विकली जातात. आमच्याकडचा पहिला नमुना ५.४ भरला, दुसरा ६.१, तिसरा ६.६. पहिला आणि तिसरा शेजारी ठेवले तर १.२ मिलिमीटरचा फरक कोणालाही दिसतो. अर्धा मिलिमीटर फरक वेगवेगळ्या बेसवर खपून जातो, एकाच बेसवर नाही. उंचीपेक्षाही जाडीचा फरक जास्त बोचतो: खांद्यांची रुंदी, डोक्याचा घेर, घोड्याची छाती. दोन ओतकाऱ्यांच्या फिगर एकत्र वापरायच्या असतील, तर खांद्याची रुंदी आधी मोजावी.

पट्टीच्या बेसची जाडी बहुतेक लोक पाहतच नाहीत. पहिल्याची ०.६ मिमी होती, तिसऱ्याची १.१. जाड पट्टी लपवायला वाळू-फेविकॉलचा थरही तेवढाच जाड लागतो आणि तो चुकून जास्त झाला की शिपाई घोट्यापर्यंत चिखलात उभे असल्यासारखे दिसतात.

आता प्रमाणबद्धता. कंपनीच्या फौजेतली इंडिया पॅटर्न बंदूक सुमारे १.४ मीटर लांब. १/३०० मध्ये ती ४.७ मिमी होते, तेवढी ओतता येते. पण नळीची खरी जाडी त्याच प्रमाणात उतरवली तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. एवढ्या बारीक खाचेत धातूचा रस पोचत नाही आणि पोचला तरी ती नळी पहिल्या स्पर्शाला वाकते. म्हणून या आकाराला घडवणारा कारागीर बंदूक पाचपट जाड करतो, डोकं आणि हात मोठे घेतो, घोटे भरीव ठेवतो. हा दोष नाही. भिंगाखाली बेंगरूळ वाटणारा शिपाई हातभर अंतरावरून नीट माणूस दिसतो, आणि भिंगाखाली देखणा असलेला तिथून काडीसारखा दिसतो. दुसऱ्या नमुन्याची डोकी आम्हाला आधी फार मोठी वाटली होती. रंग दिल्यावर तीच सगळ्यात उपयोगी ठरली.

ओतकाम

इथे मात्र भिंग हवंच, सोनार वापरतात तसं दहापटीचं. या फिगर बहुधा रबराच्या गोल साच्यात ओततात. साच्याच्या दोन तबकड्या एकमेकींवर दाबून गरगर फिरवतात, मधल्या भोकातून रस सोडतात आणि तो वेगामुळे कडेच्या खाचांमध्ये जाऊन बसतो. प्रत्येक ओतकामाला रबर थोडंथोडं जळतं आणि कडा बोथट होतात. नव्या साच्यातली आणि थकलेल्या साच्यातली फिगर एकाच पाकिटात येऊ शकते, म्हणून एका पट्टीवरून मत बनवायचं नाही. किमान दहा पट्ट्या ओळीत मांडायच्या.

फ्लॅश म्हणजे दोन तबकड्यांच्या फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा. साचा सैल दाबला असेल, रस जास्त तापला असेल किंवा रबर झिजलं असेल, तर तो येतो. पहिल्या नमुन्यात दोन पायांच्या मधे असा पापुद्रा होता. ब्लेडच्या टोकाने तो पट्टीमागे अर्ध्या मिनिटात निघतो आणि नाही काढला तरी काळ्या रंगाखाली तिथे सावली दिसते. सहा मिलिमीटरला पायांमधला फ्लॅश माफ आहे, बंदूक आणि चेहरा यांच्यामधला नाही.

अपुरं भरणं हा दुसरा दोष. दुसऱ्या नमुन्याच्या २४ पट्ट्यांपैकी तिघींत एकेका शिपायाची संगीन अर्धवट होती आणि तिन्ही वेळा तो पट्टीच्या एकाच टोकाचा शिपाई होता. सगळ्यांत तीच जागा, म्हणजे ओतणाऱ्याच्या हाताची चूक नव्हे. त्या खाचेतून हवा बाहेर पडण्याची वाट बुजलेली आहे. हवा अडकली की रस टोकापर्यंत जाऊ शकत नाही. असा दोष मोठ्या ऑर्डरमध्येही त्याच प्रमाणात येणार हे धरून चालायचं, म्हणजे आठातली एक पट्टी मागच्या रांगेत ठेवायची.

तिसऱ्या नमुन्यातला दोष सगळ्यात वाईट निघाला: साच्याची सरक. दोन तबकड्या एकमेकींवर बिनचूक बसल्या नाहीत, तर फिगरचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून बाजूला सरकतो. आठ पट्ट्यांत ही पायरी ०.२ मिमीची होती. २८ मिमीच्या फिगरला ०.२ मिमी कानशीने घासून टाकता येतं. सहा मिमीच्या चेहऱ्याची रुंदीच एक मिलिमीटर, त्यातले ०.२ घासले की गाल उरत नाही. जोडरेघ चेहऱ्यावरून जाते की कानामागून, हे म्हणून आधी पाहावं. चांगला कारागीर ती टोपीच्या कडेने आणि हाताच्या मागून नेतो.

सुईच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे रसात वायू राहिला किंवा जाड भाग थंड होताना आकसला. घोड्याच्या पोटाखाली असले तर सोडून द्यायचे. मानेवर किंवा छातीवरच्या पट्ट्यांवर असले तर रंग तिथे साचून डाग पडतो.

धातू

‘व्हाइट मेटल’ असं लिहिलेलं असतं, पण त्यात शिसं किती आणि कथील किती, हे फार कमी ठिकाणी सांगतात. हाताला लागणारं वजन फसवं असतं. खात्रीची पद्धत अगदी सोपी आहे आणि तिला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो.

सगळ्या २४ पट्ट्या एकत्र दोऱ्याने बांधून आधी कोरड्या तोलायच्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि तो जुडगा दोऱ्याने धरून पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला न टेकवता. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घनसेंटिमीटर त्या जुडग्याचं आकारमान. पहिलं वजन याने भागलं की घनता मिळते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा आणि जुडगा हलवायचा, नाहीतर पायांमध्ये बुडबुडे अडकतात आणि आकारमान जास्त येतं. एकच पट्टी तोलून हे करू नये, कारण आकडा इतका लहान असतो की किंचित चूकही उत्तर उलटंपालटं करते.

शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. पहिल्या नमुन्याचं वजन ३३.६ ग्रॅम, पाण्यातला आकडा ३.७, घनता ९.१, म्हणजे वजनाने निम्म्याहून थोडं जास्त शिसं. तिसऱ्याचं २८.९ आणि ३.९३, घनता ७.३५, म्हणजे जवळपास कथीलच. मिश्रणात अँटिमनी असतं आणि ते कथलाहूनही थोडं हलकं असल्याने उत्तर जरा इकडेतिकडे सरकतं, पण जास्त शिशाचं कोणतं आणि कथलाचं कोणतं एवढं ठरवायला ते पुरेसं आहे. दुसरी झटपट खूण: पट्टीची खालची बाजू पांढऱ्या कागदावर घासायची. शिसं जास्त असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. आणि कथील जास्त असलेला जाड तुकडा, उदाहरणार्थ तोफेच्या गाड्याचं शेपूट, वाकवताना कानाजवळ धरला तर बारीक करकर ऐकू येते.

याचा खेळाशी संबंध काय? संगिनी आणि भाले. प्रत्येक नमुन्यातली एक पट्टी आम्ही मोडण्यासाठीच बाजूला ठेवली. संगीन ३० अंश वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. शिसं जास्त असलेली सहज वाकते, तितक्याच सहज सरळ होते आणि काही वेळा वाकवल्यावर मुळाशी तुटते. कथलाची ताठ राहते, सहसा वाकत नाही, पण वाकलीच तर लवकर मोडते. ज्या टेबलावर बेस सतत उचलले जातात, तिथे आम्हाला ताठ धातू बरा वाटतो. भालाईत घोडेस्वारांसाठी मात्र कोणताच ओतलेला भाला टिकत नाही. तो कापून, मुठीत ०.४ मिमीचं भोक पाडून पोलादी तार बसवणं हाच उपाय.

शिसं असलेल्या फिगर कोरड्या घासू नयेत. कानस ओली ठेवायची, खाली वर्तमानपत्र घालून ते गुंडाळून टाकायचं, काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे आणि त्या टेबलावर चहाचा कप येऊ द्यायचा नाही. घरात लहान मूल असेल तर तिसऱ्या नमुन्यासारखा कथलाचाच माल घ्यावा. इथे आम्ही बाकी कुठल्याही गुणासाठी सूट देत नाही.

वेश

ओतकाम उत्तम आणि इतिहास चुकीचा, असं पुष्कळदा होतं. बाजारात ब्रिटिश पायदळ म्हणून सर्वांत जास्त मिळतं ते वॉटर्लूचं, म्हणजे १८१२ ला मंजूर झालेल्या, पुढून उंच पाटी असलेल्या शाकोचं. १८०३ मध्ये तो शाको नव्हताच. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणी उन्हामुळे काठाची गोल हॅट घालत. सहा मिलिमीटरला शाकोच्या पुढची ती पाटी एका सपाट तुकड्यासारखी उठून दिसते, रंगाने लपत नाही. त्याच फिगरच्या पाठीवर चौकोनी पिशवीही असते. वेलस्लीने सामानसुमान नळणी गावाला ठेवून लढाईला कूच केलं होतं, त्यामुळे पाठ मोकळी असलेली फिगर जास्त योग्य.

मद्रासच्या शिपायासाठी पाहायची जागा म्हणजे मांडी. लाल कोट, डोक्याला पगडी आणि खाली आखूड चड्डी, पाय उघडे. चड्डीचा काठ कोरलेला असेल, तर त्यावर ब्रश टेकवला की रेघ आपोआप सरळ येते. युरोपियन विजार आणि गेटर (बुटावरून पायाला बटणांनी लावायचं आवरण) असलेल्या फिगरला नुसता कातडीचा रंग देऊन भागत नाही, कारण गेटरची बटणं आणि बुटाची कड तशीच उठून राहते.

मराठ्यांच्या कवायती पलटणी म्हणून वेगळं पाकीट आमच्या तिन्ही नमुन्यांच्या यादीत नव्हतं. सुदैवाने त्यांचा वेश कंपनीच्या शिपायाशी बराच मिळताजुळता होता. एकाच फिगरच्या पट्ट्या दोन्हीकडे चालतात. निशाण, पगडीचा रंग आणि बेसच्या कडेवरची खूण एवढ्याने फरक दाखवता येतो. बिनकवायती घोडदळाची गोष्ट वेगळी. तुर्की सिपाही त्यांच्या जागी घालू नयेत, त्यांची पगडी फार उंच आणि फुगीर असते. चिलखत नसलेले मुघल स्वार चालतात. त्यांच्यातले ढाल पाठीवर आणि भाला हातात असलेले निवडावेत.

निशाणाबद्दल एक खबरदारी. असईच्या पराक्रमाबद्दल ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीला मानाचं तिसरं निशाण मिळालं, आणि उत्साहाने ते टेबलावर लावलं जातं. ते लढाईनंतर दिलेलं आहे. २३ सप्टेंबरला दोनच निशाणं. त्या काळच्या ब्रिटिश निशाणाचं माप साडेसहा फूट बाय सहा फूट, म्हणजे १/३०० मध्ये ६.६ × ६.१ मिमी. एवढ्यावर चिन्ह वाचता येत नाही, म्हणून ९ मिमीचं कागदी निशाण वापरावं आणि काठी ओतलेली न घेता तारेची लावावी.

घोडे, बैल, तोफा

दख्खनचा घोडा लहान चणीचा, भीमथडीचं तट्टू तर खांद्याशी १३० सेंमीच्या आसपास. १/३०० मध्ये ते साडेचार मिमीला थोडं कमी भरतं. पहिल्या नमुन्यातले घोडे युरोपियन भारी घोडदळासाठी हडकुळे म्हणून आम्ही नापसंत केले असते, पण मराठ्यांच्या हलक्या स्वारांना ते नेमके बसले. त्याच कारणाने तिसऱ्याचे भरदार घोडे वेलस्लीच्या १९ व्या लाइट ड्रॅगून या ब्रिटिश घोडदळाला दिले. फिगर चांगली की वाईट हे कोणत्या सैन्यासाठी हवी आहे त्यावर ठरतं, आणि एका लढाईच्या दोन बाजूंसाठी उत्तर उलटं येऊ शकतं.

तोफेत तीन गोष्टी पाहायच्या: चाक गोल आहे का, नळी गाड्याच्या मध्यरेषेवर बसते का, आणि आरे मोकळे आहेत की पापुद्र्याने भरलेले. भरलेले असले तर काळा रंग देऊन आऱ्यांवर तपकिरी ब्रश फिरवावा, कोरत बसू नये. असईला मराठ्यांच्या ९८ तोफा वेलस्लीच्या हाती पडल्या. आठ तोफांना एक मॉडेल धरलं तर १२ मॉडेल लागतात.

तोफा ओढायला घोड्यांची जोतं देणं ही सर्रास दिसणारी चूक. इथे तोफा बैलांनी ओढल्या. वेलस्लीच्या तोफा मागे पडल्या त्याही मराठ्यांच्या गोळ्यांनी बैल मारले म्हणून, त्यामुळे टेबलावर बैल हवेतच. सहा मिमीत मिळणारे बैल युरोपियन असतात, त्यांना वशिंड नसतं. एम-सीलचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सुईच्या टोकाने खांद्यावर ठेवला, ओल्या बोटाने मागे किंचित ओढला, की आपला बैल तयार होतो. शिंगं टाचणीच्या टोकाने वर वळवता येतात, पण शिशाच्या धातूतच.

रंगाची परीक्षा

शेवटचा निर्णय रंगाने होतो. प्रत्येक नमुन्याच्या सहा पट्ट्या, म्हणजे पूर्ण एक पलटण, आइस्क्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेपने चिकटवल्या. प्रायमर काळा, २५ ते ३० सेंमीवरून, दोन हलके हात. पावसाळ्यात स्प्रे मारू नये. दमट हवेत तो वाटेतच सुकून खरखरीत, धुकट थर बसतो आणि त्याखाली सहा मिमीचं सगळं कोरीव काम बुडतं. जून ते सप्टेंबर ब्रशनेच प्रायमर लावावा.

काळ्यावर काम करण्याचं कारण असं, की जिथे ब्रश पोचत नाही तिथे सावली आपोआप राहते. रंग नेहमीपेक्षा उजळ घ्यायचे. लहान वस्तूवरचा रंग गडद भासतो, त्यामुळे खऱ्या कोटाच्या लाल रंगाने रंगवलेली पलटण टेबलावर विटकरी दिसते. क्रम: कोट, चड्डी, कातडी, पगडी, बंदूक, सगळ्यात शेवटी छातीवरचे पांढरे पट्टे. ००० नंबरचा ब्रश टाळावा, त्याच्या टोकावर रंग फिगरपर्यंत जाईतो सुकतो. चांगल्या टोकाचा १ नंबर पुरतो.

छातीवरच्या या पट्ट्यांवरच तिन्ही नमुने वेगळे पडले. दुसऱ्याचे पट्टे अंगापासून पुरेसे उठलेले, त्यामुळे ब्रशची कड आडवी ओढली की पांढरी फुली उमटली. सहा पट्ट्यांचे पट्टे दहा मिनिटांत झाले. पहिल्याचे इतके उथळ की प्रत्येक रेघ हाताने काढावी लागली, त्याच कामाला अर्धा तास गेला. ४०० शिपायांच्या सैन्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो. तिसऱ्यावर काम सुरेख उतरलं, पण साच्याची सरक असलेल्या पट्ट्यांवर फुली छातीच्या मध्यभागी येईना.

मग तिन्ही बेस टेबलावर ठेवून उभं राहून पाहायचं, डोळा ते बेस साधारण ७५ सेंमी. आधी दिवसाच्या उजेडात, मग घरातल्या दिव्याखाली. पाहताना एवढंच विचारायचं: हे कोणाचं सैन्य, तोंड कुठे आहे, हे पायदळ कूच करतंय की गोळीबार? तीन्ही उत्तरं लगेच मिळाली, तर फिगर पास.

बेसवर पट्ट्या फेविकॉलने चिकटवाव्यात, सुपरग्लूने नाही. पुढे मांडणी बदलायची झाली तर बेस पाण्यात भिजवून पट्ट्या सुट्या करता येतात. चिकटवण्याआधी पट्टीच्या खालच्या बाजूलाही प्रायमर हवा. जास्त शिशाचा उघडा धातू आणि बंद कपाटातले प्लायवूड-एमडीएफमधून निघणारे आम्लाचे वाफारे यांचं पटत नाही. दमट हवेत शिशावर पांढरा भुगा धरतो, तो आत खात जातो आणि संगिनी, घोटे आधी जातात. एकदा धरलेला भुगा ब्रशने झाडून रंगाखाली दाबला तरी पुन्हा वर येतो. शिशाच्या फिगर प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी तापवून कोरड्या कराव्यात.

शेवटी यादी अशी बनली. पायदळ दुसऱ्या नमुन्याचं: मराठ्यांच्या १७ पलटणींना १०२ पट्ट्या, वेलस्लीच्या फळीतल्या ४ मद्रास पलटणींना २४ (पाचवी नळणीला सामानावर होती), पिकेटच्या (पहाऱ्यावरच्या शिपायांच्या) तुकडीला ३. एकूण १२९. पाकिटात २४ पट्ट्या, म्हणून सहा पाकिटं. १५ पट्ट्या जास्त येतात आणि अर्धवट संगिनींची भरपाई बरीचशी त्यांतून होते, उरलेल्या मागच्या रांगेत. हायलँडरांच्या दोन पलटणींना १२ पट्ट्या, अर्धं पाकीट. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाला पहिल्या नमुन्याचे १२ बेस पुरतात, त्या दिवशी त्याने लढाईत फारसा भाग घेतला नव्हता. १२ मराठी तोफा आणि ड्रॅगून तिसऱ्याकडून, तोफांत सरक नव्हती म्हणून. बैल मिळतील तिथून, दोन डझन, आणि सोबत एम-सीलचं एक लहान पाकीट.